कच्चा टाका

एक गाव होतं. गावाच्या मधोमध फार जुना चौक, आणि चौकामागच्या गल्लीत एक शिंपीण राहत होती. तिला एक नवरा होता, तो दुकानात काज-बटणं करायचा. एक सासू होती, तिला डोळ्यांनी दिसायचं कमी आणि कानांनी ऐकू यायचं जास्त. आणि एक नणंद होती. म्हणजे होती आणि नव्हती. अकरा वर्षांपूर्वी भर दुपारी ती घरातून निघाली, चौकात शिरली, आणि चौकातून बाहेर काही पडली नाही.

चौक कसा, ते आधी सांगते. मधे दगडी कारंजं, त्यात पाणी कधी कुणी पाहिलेलं नाही. एका अंगाला जुनी कचेरी, आणि कचेरीपुढे कमानींची ओवरी. कमानी सात. सातवी संपली की काळ्या दगडाची कोरी भिंत. गावातली सगळी पोरं त्या कमानींखाली लपाछपी खेळून मोठी झालेली, त्यामुळे कमानी किती हे कुणाला झोपेत उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

शिंपिणीच्या हाताला चांगली सफाई होती. तिची एक रीत होती. छातीचं माप ती दोनदा घ्यायची. एकदा साधं, आणि मग म्हणायची, “आता पोटभर श्वास घ्या.” टेप फुगून दोन बोटं पुढे सरकायचा, तेही ती वहीत लिहायची. म्हणायची, कपड्यात श्वासाला जागा नको का? नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, “आमच्याकडे अंगाला कपडा मिळतो आणि श्वासाला वेगळा मिळतो, बरं का!” गिऱ्हाईक हसायचं, आणि शिंपीण टाचण्या तोंडात धरून नुसतं “हं” करायची. काम करताना तिच्या तोंडात कायम पाच-सहा टाचण्या. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं “हं”मध्येच व्हायचं. हो म्हणायचं तरी हं, नको म्हणायचं तरी हं. घरच्यांना सवयीने कळायचं.

एक दिवस दुपारी दीडच्या सुमाराला दुकानात एक परका माणूस आला. उंच, वाळका, खांद्याला झोळी, बगलेत घडीचं स्टूल. जाकीट काढून त्याने शिंपिणीपुढे धरलं.

“खिसा फाटलाय. उद्या दुपारच्या गाडीच्या आत मिळेल का?”

“मिळेल की,” नवरा म्हणाला. “काय करता पाहुणे?”

“चित्रं काढतो. गावोगाव फिरतो, जुने चौक, वाडे, पूल, असं पेन्सिलीनं काढतो.”

“आणि त्यावर पोट भरतं?”

“खिसा बघितलात ना,” चित्रकार म्हणाला, आणि दोघेही हसले.

खिसा बघता बघता नवऱ्याने चित्र दाखवा म्हटलं. चित्रकाराने वही उघडून टेबलावर ठेवली. चौकच होता, हुबेहूब. कारंज्याच्या कडेचा टवका उडालेला तोही होता. वर्तमानपत्रं विकणाऱ्याची वाकडी छत्री होती. माणसं मात्र धुरासारखी, नुसत्या चार रेघा. नवरा बोट ठेवून कमानी मोजायला लागला, आणि थांबला.

“पाहुणे, चुकलात. तुम्ही आठ काढल्यात.”

“आठच आहेत.”

“अहो, मी जन्मलो इथे! सात आहेत. पुढे भिंत.”

चित्रकाराने पेन्सिल घेतली, हात ताठ पुढे केला, एक डोळा मिटला, आणि अंगठा पेन्सिलीवर वर-खाली सरकवून दाखवला. “मी असं मोजतो. कमानीच्या उंचीत अशी रुंदी किती वेळा बसते, ते बघतो. डोळा फसतो, पेन्सिल फसत नाही.”

“माझी बायकोही हेच म्हणते,” नवरा म्हणाला. “टेप फसत नाही म्हणते.”

शिंपीण इतका वेळ खाली मान घालून खिसा उसवत होती. आपलं नाव निघालं म्हणून तिने मान वर केली आणि चित्राकडे पाहिलं.

आठव्या कमानीखाली एक बाई उभी होती. बाकीची माणसं धुरासारखी, पण ही नीट रेखलेली. पाठमोरी, थोडी वळलेली. चेहरा नव्हता, पण शिंपिणीला चेहऱ्याची गरज काय? डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा बोट उतरता. अंगात लांब कोट, कमरेला दोन चुण्या. आणि डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, बारीक बारीक पांढरी तुटक टिंबं. एका ओळीत.

तो कोट तिने स्वतः कापला होता.

आता ती अकरा वर्षांपूर्वीची दुपार ऐका. नणंदेला कचेरीत लिहिण्याच्या नोकरीसाठी बोलावलं होतं, साडेबाराला. त्यासाठी तपकिरी लोकरीचा नवा कोट. शिंपिणीने रात्रंदिवस बसून तो पुरा केला, पण बाह्या जरा लांब झाल्या. उजवी उसवून पक्की केली. डावीला वेळ पुरला नाही, म्हणून पांढऱ्या दोऱ्याने नुसता कच्चा टाका घालून दुमडून ठेवली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली, तिला स्टुलावर उभी करून शिंपीण तिच्या झग्याचा घेर टाचायला बसली. तोंडात सहा टाचण्या, नजर खाली.

नणंद दारात उभी राहून म्हणाली, “वहिनी, साडेबारा वाजायला आले. बाही अशीच आहे. जाऊ की थांबू?”

शिंपीण म्हणाली, “हं.”

तिला म्हणायचं होतं, थांब. दोन मिनिटं थांब, एवढं झालं की पक्की करून देते. पण टाचण्या काढल्या असत्या तर घेर सुटला असता. आणि मान वर करून बघते तर दार मोकळं.

वर्तमानपत्रवाल्याने तिला चौकात शिरताना पाहिलं. “नवा कोट का गं?” असं विचारलंही. ती हसली. नंतर कुणीच पाहिलं नाही. कचेरीत पोचली नाही, परत आली नाही. विहिरी पाहिल्या, गाड्या पाहिल्या, शेजारच्या गावांना माणसं धाडली. सासूने शिंपिणीला एकदाच विचारलं होतं, “तू तिला जा म्हणालीस?” आणि शिंपीण म्हणाली होती, “मी काही म्हणाले नाही, आई.” खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. ते “हं” तिने अकरा वर्षं तोंडात गुळणी धरल्यासारखं धरून ठेवलं होतं. सासू त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलायची, आणि रोज दुपारी दारापाशी खुर्ची घेऊन बसायची, कान गल्लीकडे लावून.

नवरा काजाकडे वळल्यावर शिंपिणीने हळूच चित्रकाराला विचारलं, “ही बाई… तुम्ही मनाने काढलीत का?”

“छे! मी दिसेल तेच काढतो.”

“आणि हे पांढरं?”

“टाके आहेत. शिवणीचे असावेत. तुम्हाला माहीत.” तो आवाज खाली करून म्हणाला, “बाई, खरं सांगू? तीन दिवस मी कारंज्यापाशी बसतोय. साडेबाराला ती तिथे येते, म्हणजे… येताना दिसत नाही, असतेच. पाऊण वाजला की नसते. सगळ्या चौकात तेवढी एक हलत नाही. मी खूश होतो. न हलणारं माणूस आम्हाला कुठे मिळतं! काल म्हटलं जवळून बघावं. गेलो, तर…”

“तर भिंत,” शिंपीण म्हणाली.

चित्रकाराने तिच्याकडे पाहिलं. “हो. भिंत. म्हटलं, ऊन लागलं डोक्याला. परत येऊन बसलो, तर कमान आहे आणि ती आहे.”

“तोंड दिसलं का?”

“पहिल्या दिवशी ती अगदी पुढे होती, पण पाठमोरी. काल थोडी आत गेली. आज खांद्यापर्यंत अंधारात होती. नीट अशी ही बाहीच दिसली. हे चित्र पहिल्या दिवशीचं आहे.”

“आणि उद्या?”

“उद्या बहुतेक…” त्याने वही मिटली.

आतल्या खोलीतून सासूचा आवाज आला. “कोण आहे गं?”

“गिऱ्हाईक आहे, आई.”

चित्रकार गेला. शिंपिणीने खिसा शिवला. शिवून झाल्यावर पाहते तर तिने खिशाचं तोंडच शिवून टाकलं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बारीक, पक्कं. अशी चूक तिने उमेदवारीतही केली नव्हती. उसवायला हात उचलेना. तसंच जाकीट तिने खुंटीला लावलं.

दुसऱ्या दिवशी अकराला ती सासूपुढे जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. चित्र, कमान, बाही. आणि ते “हं”. नवरा ऐकत उभा होता, त्याच्या हातातलं बटण खाली पडून टेबलाखाली गेलं तरी त्याने उचललं नाही.

सासू म्हणाली, “अकरा वर्षं तोंडात टाचण्या धरून बसलीस होय गं?”

“हो, आई.”

“माझी पोर तिथे उभी राहिलीय ती तू थांब म्हणालीस म्हणून की जा म्हणालीस म्हणून?”

“मला माहीत नाही. तिलाही कळलं नसेल. म्हणूनच… ना गेली ना आली.”

“मग जा आणि तिला नीट सांग,” सासू म्हणाली. “आणि सुई घेऊन जा. अर्धवट सोडलेलं काम आहे ते तुझं.”

नवरा म्हणाला, “मी येतो.” सासू म्हणाली, “तू नको. तिने तुला नव्हतं विचारलं.”

साडेबाराला चौक माणसांनी भरलेला होता. कचेरीतले लोक जेवायला बाहेर पडले होते, वर्तमानपत्रवाला ओरडत होता, कबुतरं दाणे टिपत होती. ऊन असं डोक्यावर की माणसांना सावल्याच नव्हत्या. चित्रकार कारंज्यापाशी स्टुलावर बसला होता. शिंपीण त्याला एवढंच म्हणाली, “मला दिसणार नाही. तुम्ही सांगा.”

ती ओवरीतून चालत गेली. एक, दोन, तीन… सात. पुढे काळी भिंत. तिने हात लावला. थंड दगड. तिने वळून पाहिलं. चाळीस पावलांवर चित्रकार हात ताठ करून, एक डोळा मिटून बसलेला. पेन्सिल डावीकडे हलली. ती डावीकडे सरकली. पेन्सिल हलली. अजून थोडी. मग पेन्सिल खाली आली, हळूहळू, आणि थांबली.

शिंपिणीने हात पुढे केला. दगड लागायला हवा होता. दगड लागला नाही.

आधी वास आला. ओल्या लोकरीवर गरम इस्त्री फिरवली की येतो तो वास. तिने स्वतः त्या कोटावर इस्त्री फिरवली होती, निघायच्या आधी पाच मिनिटं. अकरा वर्षांत कपड्याची वाफ विरत नाही का हो? ती विरली नव्हती. मग बोटांना लोकर लागली. कोमट. मग बाहीची दुमड, आणि दुमडीवर तिचेच टाके, लांब लांब, घाईचे. त्याच वेळी चौकातला आवाज गेला. हळू झाला नाही, गेला. वर्तमानपत्रवाल्याचं तोंड उघडं दिसत होतं, कबुतरं उडताना दिसत होती, पण कानाला काही नाही. फक्त तिचा स्वतःचा श्वास. एकटीचाच.

तिने वर पाहिलं नाही. वर पाहायचं नाही असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण मान वर होत नव्हती. सवयीने तिने टाचण्या तोंडात धरल्या, दुमड सरळ केली आणि सुई घातली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय दिसत होतं? एक बाई भिंतीशी तोंड करून हवेत सुई चालवतेय. दोघे-तिघे थांबले, एकाने बोट कपाळाशी नेऊन फिरवलं. तिला त्याचं काही नव्हतं. ती टाके मोजत होती. दहा. पंधरा. दोरा खरोखर कमी होत होता. बाहीच्या आत मनगट होतं, त्याला तिचं बोट एकदा लागलं आणि तिने ते चटकन मागे घेतलं. कोट कोमट होता. मनगट कोमट नव्हतं.

शेवटची गाठ मारली. कात्रीने कच्चा टाका कापून ओढला, तर पांढऱ्या दोऱ्याचा लांब तुकडा हातात आला. आणि वरून, अगदी जवळून, जसं कुणी दारातून विचारतं तसं, घाईत, जरा लाडात, कुणीतरी विचारलं,

“वहिनी… जाऊ की थांबू?”

शिंपिणीच्या तोंडात टाचण्या होत्या. घशातून हुंकार वर आला, सवयीचा, ओठांपर्यंत आला. तिने तो दातांखाली दाबला. टाचण्या थुंकून टाकल्या. फरशीवर त्या पडल्या तेवढाच आवाज झाला.

“दोन्ही नको,” ती म्हणाली. “घरी चल.”

तिने पाठ फिरवली आणि चालायला लागली. सातवी कमान, सहावी, पाचवी. चौथ्या कमानीपाशी चौकाचा आवाज एकदम कानात शिरला, आणि त्या गलक्यात तिला मागे टाचांचा आवाज आला. टक, टक. तिच्या पावलाबरोबर. तिने चित्रकाराकडे पाहिलं. तो उभा होता, स्टूल उलटं पडलेलं. तो शिंपिणीकडे बघत नव्हता, तिच्या मागे येणारीकडेही बघत नव्हता. तो त्या दोघींच्याही मागे, भिंतीकडे बघत होता, आणि हातातल्या खोडरबराने वही घासत होता, घासत होता.

सासू दारात उभी होती. आवाज ओळखायला तिला डोळे कशाला हवेत! “आलीस?” एवढंच म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे केले. शिंपिणीच्या अंगाला घासून तपकिरी कोट पुढे गेला, आणि माय-लेकींनी एकमेकींना मिठी मारली.

“किती गार पडलीयेस गं!” सासू रडत म्हणाली.

“सावलीत उभी होते ना आई, जरा वेळ,” नणंद म्हणाली.

होती तशी आली होती. बावीस वर्षांची गेली, बावीस वर्षांची आली. दादाचे केस पिकलेले पाहून हसली. गावात लोक महिनाभर बोलले, कुणी म्हणालं लांबच्या गावी होती, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला होता, मग दुसरा विषय निघाला आणि हाही मागे पडला. त्या घराचे दिवस मात्र फिरले. सासूने अकरा वर्षांची अढी सोडली आणि घराच्या किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या, तिला “बाळ” म्हणायला लागली. तिचे डोळेसुद्धा निवळले असं ती म्हणायची. नणंदेला कचेरीत नोकरी लागली. नवरा पुन्हा गिऱ्हाइकांशी थट्टा करायला लागला. दुकानात रांग लागायची. असं सुख सगळ्यांना मिळो, असंच कुणीही म्हणेल.

चित्रकार जाकीट न्यायला आला नाही. त्याने वहीतून फाडून टाकलेलं चित्र कारंज्यापाशी पडलं होतं, ते वर्तमानपत्रवाल्याने आणून दिलं. आठवी कमान त्याने इतकी घासली होती की तिथे कागदच उरला नव्हता. नुसतं भोक. सात कमानी शाबूत.

थंडी सुरू व्हायच्या आधी सासू म्हणाली, “पोरीला नवा कोट शिव गं बाळ. तो तपकिरी आता टाकून द्या.”

शिंपिणीने नणंदेला खिडकीपाशी उभी केली. जुन्या वहीतलं तिचं पान काढलं. खांदा मोजला. तेवढाच. पाठ, तेवढीच. डावा खांदा अर्धा बोट उतरता. अकरा वर्षांत एका धाग्याचा फरक नाही. शिंपिणीला बरं वाटलं. आपलीच आहे ही. तिने छातीभोवती टेप घेतला, साधं माप वाचलं, आणि रोजच्यासारखं म्हणाली, “आता पोटभर श्वास घे.”

नणंदेने खांदे उचलले. तोंड उघडलं. गालही फुगवले, अगदी लहानपणी फुगवायची तसे.

टेप जागचा हलला नाही.

“पुन्हा घे.”

पुन्हा खांदे वर गेले. टेप तिथेच. शिंपिणीची बोटं टेपवर होती, आणि बोटांखाली काहीच नव्हतं. ना वर, ना खाली. दुपारचे पाऊण वाजले होते. आतल्या खोलीत सासू काहीतरी गुणगुणत होती, दुकानात नवरा कुणाला तरी सांगत होता, आमच्याकडे श्वासाला वेगळा कपडा मिळतो, बरं का.

शिंपिणीने टेप सोडवून गुंडाळला. वहीत दुसऱ्या मापाची जागा मोकळी ठेवली. मग डबीतून टाचण्या काढल्या, एक एक करून सहा, आणि तोंडात धरल्या.

नणंद तिच्याकडे वळली. उन्हात तिचे डोळे छान दिसत होते.

“वहिनी,” तिने विचारलं, “माप बरोबर आहे ना?”

शिंपीण म्हणाली, “हं.”